नववा शब्द

माणसं मोजू नयेत, वडील सांगायचे.
पिंपं मोजावीत, मेंढरं मोजावीत;
माणसाला आकडा लावला
की आकडा त्याच्यात रुततो.

म्हणून आम्ही दहा शब्दांचं एक वचन घेतो,
डोक्यागणिक एकेक शब्द मनात ठेवत जातो.
दहावा शब्द कुणाच्या वाट्याला आला
की कद्दिश म्हणता येतं.

इथे, उत्तरेच्या या फ्योर्डकाठी,
डिसेंबरात शब्बाथ दुपारी दोनलाच दार ठोठावतो
आणि जूनमध्ये, मेणबत्त्या मांडून,
सूर्याची मध्यरात्रीपर्यंत मनधरणी करावी लागते.
इथे माझं वचन नवव्या शब्दाशी अडतं.
नववा शब्द आहे 'पर्यंत'.
कशापर्यंत, ते दहाव्यात आहे.

पहिला शब्द लिपमनचा. ठार बहिरा,
म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसतो.
दुसरा अर्कादीचा, मुर्मान्स्कहून आलेला,
लोकांचे पियानो सुरात लावतो, स्वतः गाताना बेसूर.
पुढचे शब्द दर आठवड्याला माणूस बदलतात.

ऑक्टोबरात दगड आला.
किनाऱ्यावरचाच, अंड्यासारखा,
समुद्रानं हजारो वर्षं घासून घासून
कुणाला लागू नये असा केलेला.
सोबत चिठ्ठी नव्हती.
आम्हाला ती पाठ असते.

त्यानंतर तालच्या बायकोनं मेझुझा
बाहेरच्या चौकटीवरून काढून आतल्या दाराला लावली.
मला विचारलं, चालेल ना?
मी काय बोलणार? माझाही किप्पा हल्ली
लोकरीच्या टोपीखाली असतो.
थंडी फार आहे, म्हणतो मी.
थंडी आहेच.

दारात आता एक पोलीस असतो, सिंद्रे,
बावीस वर्षांचा, बर्फात पाय आपटत.
लिपमन त्याला थर्मासातली कॉफी नेऊन देतो;
त्याला वाटतं, पोरगा बसची वाट बघतोय.

काच यायला सहा आठवडे लागणार होते.
गोदीवरच्या तूवेनं खोक्याचं झाकण आणलं,
चार खिळे ठोकले, हात पुसले, गेली.
झाकणावर छापलंय:
सुकवलेला कॉड, प्रत पहिली.
ती नेमकी जेरुसलेमच्या दिशेची खिडकी.
हल्ली आम्ही त्या अक्षरांकडे तोंड करून प्रार्थना करतो.
एकजूट हा शब्द मी व्यासपीठावरून
किती वेळा वापरला, हिशोब नाही.
तूवेनं तो उच्चारला नाही.
फळी परत नको, एवढंच म्हणाली.

तुला सांगतो, तू ऐकतोस असं धरून:
माझी श्रद्धा त्या फळीसारखी आहे,
फटींतून वारा येतो
आणि तरी खोली काल होती तेवढी थंड नाही.
याहून मोठं काही सांगायला गेलो
तर खोटं बोलेन.

शुक्रवारी हदासा आली.
सोमवारी तिनं भाऊ पुरला होता.
काचा झाडल्या होत्या तिनंच, त्या रात्री,
उघड्या हातांनी, केरसुणी सापडेना म्हणून.
नेहमीसारखी पडद्यामागे बसली,
जिथे तीस वर्षांत माझा शब्द कधी गेला नव्हता.

मी मोजू लागलो.
लिपमन, अर्कादी, ताल, बंदरावरचे दोघे,
तो पेरूहून आलेला विद्यार्थी, ज्याचं नाव मी दर वेळी चुकतो…
'पर्यंत'वर बोट थांबलं.
फळीत वारा शिटी घालत होता.
पडद्यामागे खुर्ची सरकली.

वडील माझ्या आत उठून उभे राहिले,
दोन्ही हातांत ग्रंथ घेऊन.
मी म्हटलं, बाबा, बसा जरा.
ते बसले नाहीत. मीही बसलो नाही.

दहावा शब्द मी उच्चारला की तिनं,
अजून नक्की सांगता येत नाही.
अर्कादीनं मान खाली घातली. तालनं पडदा धरला.
ती म्हणत गेली, मध्ये एकदा अडखळली,
बंदरावरच्यांपैकी एकानं ओळ उचलून दिली.

लिपमनचं आमेन नेहमीप्रमाणे मागून आलं,
सगळे गप्प झाल्यावर, एकट्याचं, मोठ्यानं.
बाहेर पाय आपटणं
क्षणभर थांबलं.